सगळे आले

३ डिसेंबर

भिंगरी,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला. हात दुखत होता असं लिहिणार होतो, पण तो दुखत नव्हता.

फोन करू नका, काय ते लिहून कळवा, असं तू म्हणालीस ते एका परीने बरंच झालं. फोनवर मला बोलता येत नाही. तू शाळेत होतीस तेव्हा फोन उचलून म्हणायचीस, "काका, श्वास ऐकू आला, आता बोला."

मास्तरबद्दल. तो तुझा आहे हे मी कधी नाकारलेलं नाही. तू शाळेच्या शेवटच्या वर्षाला होतीस आणि दादाच्या शाळेच्या बसच्या पायरीखालून ते कुत्र्याचं पिल्लू तूच ओढून काढलंस. दादाने तुझ्याकडून महिनाभर बस धुवून घेतली आणि मग ठेवू दिलं. हे सगळं मला आठवतं. पण या हिवाळ्यात त्याला पाठवणं जमणार नाही. बारा वर्षांचा झालाय. सकाळी उठताना मागचे पाय धरतात. डॉक्टरीणबाईंनी लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं आहे. उन्हाळ्यात बघू.

माझं काम चालू आहे. चष्म्यांच्या दुकानात आता नवीन यंत्र आलं आहे, काच लावली की चौकटीच्या मापाची कड आपोआप घासली जाते. तरी जाड नंबराच्या काचा मालक माझ्याकडेच देतो. म्हणतो, यंत्राला घाई असते, तुम्हाला नसते. घाई म्हटलं की मला आपली कुत्री घाईच डोळ्यांसमोर येते. ती मजेत आहे. परवा तिने माझा एक मोजा खाल्ला.

दादाची खोली तशीच आहे. दर आठवड्याला झाडतो.

तिसऱ्या पत्राच्या शेवटी तू पुन्हा तेच विचारलं आहेस. मी त्याचं उत्तर जानेवारीतच दिलं होतं. डोंगर उतरताना दादा मला म्हणाला, "तू हो पुढे, मी येतो सावकाश." म्हणून मी कुत्र्यांना घेऊन पुढे झालो. डॉक्टर म्हणाले की जे झालं ते क्षणात झालं, त्याला कळलंही नसेल. याहून जास्त मला माहीत नाही.

थंडी पडली आहे. तिकडेही असेल. जप.

काका


१३ डिसेंबर

भिंगरी,

तुझं कार्ड पोचलं. त्याच्या आधी डॉक्टरीणबाई पोचल्या.

मी घाईच्या जंतांच्या गोळ्या आणायला गेलो होतो. दवाखान्यात दोन मांजरवाल्या बायका बसलेल्या. बाई आतूनच म्हणाल्या, "या, या. तुमच्या पुतणीचा फोन आला होता. मास्तरला प्रवास का मना केलात म्हणून विचारत होती. मी कधी मना केलं हो?"

मी गोळ्यांचं पाकीट वाचत उभा राहिलो.

"माझ्या नावावर खोटं सांगायचं तर निदान मला आधी कळवत जा," त्या म्हणाल्या. "म्हणजे मीही तेच सांगेन."

मांजरवाल्या हसल्या. मीही हसलो असेन. पैसे द्यायचे विसरून बाहेर आलो आणि परत आत गेलो.

तर, मास्तर प्रवास करू शकतो. ते मी खोटं लिहिलं होतं. तू कार्डावर फक्त "का?" एवढंच विचारलं आहेस. ते सांगायचा प्रयत्न करतो.

आम्ही अजून रविवारी डोंगरावर जातो. मी, मास्तर आणि घाई. तीच वाट, फाटकापासून वरच्या पत्र्याच्या निवाऱ्यापर्यंत. हिवाळ्यात तिथे कोणी नसतं. तीन वळणं, एक पाण्याची धार, तिच्या काठाला या दिवसांत बर्फाची पापडी धरते. आठ वाजता निघतो, उशीर झाला तरी दुपारी दीडपर्यंत गाडीशी.

हजेरीची पद्धत तुला माहीत आहे, पण तू गेल्यावर दादाने ती फार पक्की केली. त्याच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक लहान मुलगी मागच्या सीटवर झोपून राहिली होती आणि तो तिच्यासकट बस शेडमध्ये घेऊन गेला, ते तुला सांगितलं होतं की नाही? दहा मिनिटांत सापडली, झोपलेलीच सापडली. पण त्यानंतर बावीस वर्षं त्याने बस उभी करून मागच्या सीटपर्यंत जाऊन मोजल्याशिवाय किल्ली काढली नाही. डोंगरावरही तेच. जो पुढे असेल त्याने प्रत्येक वळणावर थांबायचं. शेवटचा माणूस दिसला, जवळ आला, की पुढच्याने म्हणायचं, "सगळे आले." मग कुत्री हलणार. त्याआधी नाही. मास्तरला हे त्याने असं शिकवलं की कुणी पुढे सरकला तर तो वाटेत आडवा बसायचा. म्हणून तर त्याचं नाव मास्तर पडलं, आधी तू काहीतरी वेगळं ठेवलं होतंस. घाईला मात्र त्याला काहीच शिकवता आलं नाही. दादा म्हणायचा, ही नापास झाली तरी वरच्या वर्गात जाते.

आता तो दुसऱ्या वळणावर बसतो. चढताना नाही, उतरताना. मी "सगळे आले" म्हणतो. तो माझ्याकडे बघतो, मग वर वाटेकडे बघतो आणि बसून राहतो. सुरुवातीच्या दोन-तीन खेपांना मी त्याला उचलून खाली आणलं. तेवीस किलोचा आहे. तो अंग आवळत नाही, गुरगुरत नाही, मान मागे वळवून ठेवतो. मग मी उचलणं सोडून दिलं.

मागच्या रविवारी पोस्टातल्या बाई भेटल्या. निवृत्त झाल्यापासून त्यांना डोंगराचं वेड लागलं आहे. खाली उतरत होत्या, मी दगडावर बसलेला, मास्तर वाटेच्या मध्ये.

"मागे कुणी राहिलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"तुमच्या कुत्र्याला तसं वाटत नाही."

"म्हातारा झालाय."

"कोण, कुत्रा की तुम्ही?" म्हणाल्या आणि काठी आपटत गेल्या. मग थोड्या अंतरावर थांबून ओरडल्या, "वर मला कुणी दिसलं नाही हं. मी निवाऱ्यापासून येतेय."

मी हात हलवला.

अशा कुत्र्याला एकदम नव्या गावी, तिसऱ्या मजल्यावर नेलं तर तो काय करेल, याची मला काळजी वाटते. एवढंच कारण आहे.

काका


२८ डिसेंबर

भिंगरी,

"एवढंच कारण आहे" याच्याखाली तू लाल रेघ मारून माझंच पत्र मला परत पाठवलंस. हे तू दादाकडून घेतलंस. तोही बोलायचा नाही, बोट ठेवायचा.

एवढंच कारण नाही.

मास्तर किती वेळ बसतो ते मी लिहिलं नव्हतं. साधारण एक तास, कधी थोडं जास्त. मी घड्याळ लावून बघितलं आहे, मला तशी सवयच आहे. तासाभराने तो उठतो. आपण होऊन. आधी कान उभे होतात. मग शेपटी हलते, जोरात नाही, घरातलं माणूस आलं की हलते तेवढीच. दोन-चार पावलं वर जातो, वळतो, आणि चालायला लागतो. पण माझ्या पुढे येत नाही. माझ्या मागून येतो, आणि माझ्यात आणि त्याच्यात एका माणसाएवढी जागा सोडून येतो.

पहिल्या वळणावर पुन्हा थांबतो. लगेच निघतो. फाटकाशी थांबतो. मी गाडीचं मागचं दार उघडतो, घाई उडी मारते, मास्तर चढत नाही. पुढचं दार उघडून बंद करावं लागतं. मग चढतो.

मी असल्या गोष्टी मानत नाही. हे तुला माहीत आहे. शेजारची बाई पाण्याच्या टाकीजवळ काहीतरी दिसतं म्हणायची तेव्हा मीच बॅटरी घेऊन जाऊन आलो होतो.

मागच्या रविवारी धुकं होतं. दहा पावलांपलीकडे दिसत नव्हतं. मास्तर उठला, मी निघालो. झाडांवरून थेंब गळत होते, त्याशिवाय काही आवाज नव्हता. घाईच्या गळ्यातली घंटा कुठेतरी पुढे. आणि मागून बूट घासल्याचा आवाज येत होता. दादा डावा पाय जरा ओढायचा, क्लच दाबून दाबून गुडघा गेलेला, त्यामुळे उतरताना त्याच्या डाव्या बुटाखाली खडी सरकायची. तसा. मी थांबलो की थांबायचा. माझ्याच बुटांचा असेल. मी मागे वळून पाहिलं नाही. भीती वाटली म्हणून नाही. वळलो असतो आणि कुणी नसतं तर पुढचे रविवार काय करायचं, हे मला कळेना.

मी हळू चालायला लागलो. मला वाटलं, त्याला उतरताना त्रास होतो, आपण जरा बेताने घेऊ. इतकी वर्षं बरोबर चाललो, पण हे कधी सुचलं नव्हतं.

आता मोठ्याने हसशील किंवा कुणाला तरी दाखवशील हे पत्र. दाखव. मालकाच्या लक्षात आलं आहे की मी सोमवारी कमी चुका करतो आणि शनिवारी जास्त. म्हणाला, "काय हो, रविवारी डोंगरावर कुणी भेटतं की काय तुम्हाला?" त्याला वेगळंच सुचवायचं होतं. मी म्हटलं, हो, भेटतं. तो दिवसभर खूश होता.

मास्तरला मी पाठवत नाही त्याचं कारण हे आहे. तो गेला तर दादा कुठवर आलाय ते मला कळणार नाही.

काका


११ जानेवारी

भिंगरी,

आज वर्ष झालं. आज रविवार नाही, तरी रजा घेतली आणि जाऊन आलो. आता दुपारचे चार वाजले आहेत. दोन्ही कुत्री जेवून स्वयंपाकघरात पडली आहेत.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू लिहिलंस, "बाबा तुमचे एकट्याचे नव्हते. त्यांना डोंगरावर बसवून ठेवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?" आणि पुढे, "ते माझ्याकडे यायला तयार नव्हते. निदान त्यांचा कुत्रा तरी येऊ दे."

पहिलं वाक्य मला मान्य आहे. दुसरं वाक्य चूक आहे, आणि ते चूक आहे हे मला एक वर्षापासून माहीत आहे. म्हणून हे पत्र. आज सगळं लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही.

दादा तुझ्याकडे यायला तयार होता.

त्याने मला निवाऱ्यात सांगितलं, गेल्या वर्षी आजच्या दिवशी, साडेअकराच्या सुमारास. बाकावर थर्मास ठेवला होता. तुझ्या बाबांनी झाकणात चहा घेतला होता, मी पेल्यात. कुत्री पायाशी. म्हणाला, "महिनाअखेर मी जातोय भिंगरीकडे."

मी विचारलं, "किती दिवस?"

"जातोय म्हणजे जातोय. राहायला."

मी पेला खाली ठेवला.

"परवा फोनवर म्हणाली, बघू बघू करत तुम्ही तिथेच मराल. काय तोंड आहे कार्टीचं." आणि तो हसायला लागला. चहा सांडला त्याचा. "खोलीला पडदे शिवलेत तिने. मला विचारलं कुठला रंग. मी म्हटलं कुठलाही, तर फोन आपटला. म्हटलं आता जाऊन बघूनच टाकू कुठला शिवलाय."

तू शेवटचं त्याच्याशी जे बोललीस ते आठवून रडतेस, असं तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस. ते वाक्य सांगताना तो हसत होता. मी समोर होतो. हे मी तुला वर्षभर सांगितलं नाही.

मी विचारलं, "कुत्री?"

"मास्तर तिचाच आहे, नेतो. घाईला तुझ्याकडे ठेवतो. तुला कुणीतरी घाई करणारं पाहिजेच."

"बरं," मी म्हटलं.

"बरं काय? काहीतरी बोल ना. शिव्या दे हवं तर."

"उशीर होतोय. उतरू या," मी म्हटलं.

एकावन्न वर्षं आम्ही एका घरात राहिलो. तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस, तेव्हापासून तुझ्या वेण्या मी घालायचो, कारण दादाला पहाटे बस काढावी लागायची. मी लग्न केलं नाही त्याला हे कारण नव्हतं, पण ते सोयीचं कारण होतं. आणि त्याने ठरवून, पडद्यांसकट ठरवून, मला फक्त कळवलं. मला तेव्हा असं वाटलं. आता वाटतं की त्याला मला विचारायची भीती वाटत असेल. विचारलं असतं तर मी "बरं" म्हणालो असतो आणि महिनाभर बोललो नसतो, हे त्याला माहीत होतं.

मी पुढे निघालो. तिसऱ्या वळणावर थांबलो. तो आला. "रागावलास?" म्हणाला. मी म्हटलं, "नाही. सगळे आले." आणि निघालो, नेहमीपेक्षा भरभर. त्याच्या गुडघ्याला तो वेग झेपणार नाही हे मला माहीत होतं. म्हणूनच मी तो धरला.

दुसऱ्या वळणावर मास्तर बसला. मी थांबलो. दादा दिसेना. दोन मिनिटं थांबलो असेन, तीन नाही. घाई पुढे-मागे करत होती. मला वाटलं, बसला असेल कुठेतरी मुद्दाम, मी परत जाऊन हात जोडावेत म्हणून. मी मास्तरकडे पाहिलं आणि म्हटलं, "सगळे आले."

त्याने वर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा म्हटलं, जरा जोरात. तो उठला.

भिंगरी, त्या कुत्र्याला आयुष्यात कुणी कधी खोटं सांगितलं नव्हतं. त्याने बापड्याने ऐकलं. तो आता माझ्या "सगळे आले" वर उठत नाही त्याचं कारण हे आहे, आणि हे कारण भुताखेताचं नाही.

"तू हो पुढे" असं दादा कधीच म्हणाला नाही. तू मला त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालीस, "बाबा असं बोलूच शकत नाहीत. काका, खरं सांगा." मी सगळ्यांना पाणी आणायला आत गेलो. तू तेव्हाच ओळखलंस.

खाली येऊन गाडीत बसलो. गाडीतल्या घड्याळात बारा चाळीस झाले होते. हीटर लावला. एक वीसपर्यंत बसलो. चाळीस मिनिटं. त्यात मी काय विचार करत होतो तेही लिहितो. तो आल्यावर दार आतून उघडायचं की नाही, याचा.

मग दार उघडलं तसा मास्तर माझ्या पायांतून निसटून वर गेला. घाईला पट्टा होता, ती माझ्याबरोबर. मी चढलो. धावलो नाही. अजूनही मला वाटत होतं की तो मला पुन्हा चढायला लावतोय.

दुसऱ्या वळणापासून जेमतेम सव्वाशे पावलांवर तो चपटा खडक आहे, झाडांआड, वळणावरून दिसत नाही. तिथे तो बसला होता, पाठ दगडाला टेकून. मास्तर त्याच्या मांडीवर डोकं ठेवून. काठी नीट बाजूला ठेवलेली. थर्मास उघडा. खडकावर झाकण आणि पेला, दोन्ही भरलेले.

सव्वाशे पावलं. वारा नव्हता. मी "सगळे आले" म्हणालो ते त्याला ऐकू गेलं असेल का, हे मी रोज मोजतो. मोजता येत नाही.

डॉक्टरांनी क्षणात झालं म्हटलं ते मी सांगितलेल्या गोष्टीवरून. मी त्यांना पेले सांगितले नव्हते. बसून, काठी ठेवून, थर्मास उघडून दोन पेले भरतो तो माणूस क्षणात गेलेला नसतो. छातीत दुखायला लागल्यावर तो बसला आणि वाट बघत राहिला. हाक मारली असेल की नाही माहीत नाही. मला वाटतं मारली नसेल. त्याला खात्री होती. त्यानेच लावलेली पद्धत होती. एक माणूस कमी आहे म्हटल्यावर मास्तर कुणाला हलू देणार नाही, आणि पुढचे परत येतील. त्याने बावीस वर्षं जी गोष्ट दुसऱ्यांच्या मुलांसाठी केली ती त्याच्यासाठी करायला मी होतो.

हे सगळं. तू मला काय म्हणायचं ते म्हण, किंवा काही म्हणू नकोस. मास्तरला कधी आणि कसं पाठवायचं ते मात्र कळव. तो तुझा आहे, आणि दादा त्याला तुझ्याकडे नेणारच होता.

काका


१९ जानेवारी

भिंगरी,

तुझं कार्ड काल आलं. शनिवारी दुपारच्या गाडीने येतेस आणि संध्याकाळच्या गाडीने मास्तरला घेऊन परत जातेस, हे कळलं. घरात येणार नाहीस तेही कळलं. मी त्याला घेऊन स्टेशनबाहेरच्या बाकाजवळ उभा असेन. काही बोलणार नाही.

त्याच्या गोष्टी एका पिशवीत भरतो आहे. सकाळी अर्धं आणि संध्याकाळी अर्धं खातो, भांडं उंचावर ठेव, मान खाली केली की त्याला गिळताना त्रास होतो. पायांच्या गोळ्या भाकरीच्या तुकड्यात दिल्या तर तुकडा खाऊन गोळी थुंकतो, गुळात दे. जिने चढताना मागून पोटाखाली हात दे, पुढून ओढू नकोस. उजव्या कानाला हात लावलेला त्याला आवडत नाही. दादाचं जुनं स्वेटर त्याच्या खाली अंथरतो, तेही देतो आहे. धुतलेलं नाही. धुऊ नकोस.

पहिले काही दिवस तो दाराकडे तोंड करून बसेल. तू दारातून आत आलीस की मोठ्याने सांग की आलीस. तो तुझ्याकडून ऐकेल. तू त्याला कधी फसवलेलं नाहीस.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "आता खरंच प्रवास मना करू का?" मी म्हटलं, नको. त्यांनी चष्मा काढून पुसला. काचेवर ओरखडा होता, मी म्हटलं शुक्रवारी दुकानात द्या, बदलून देतो.

गेल्या रविवारी मी गेलो नाही. त्याच्या पायांना विश्रांती हवी होती, आज ना उद्या प्रवास होणारच होता.

कार्डाच्या खाली तू एक प्रश्न विचारला आहेस आणि म्हटलं आहेस की उत्तर लिहून पाठवा, समोर सांगू नका. मी सकाळपासून बाकीचं लिहीत बसलो. आता तेवढंच राहिलं आहे.

तू विचारलंस, मी पोचलो तेव्हा पेल्यातला चहा गरम होता का.

कोमट होता.

मी बोट बुडवून पाहिलं होतं. का पाहिलं ते सांगता येत नाही. हात तिथे गेला.

याचा अर्थ काय होतो हे मी टाळत होतो, मग फेब्रुवारीत टाळणं जमेना. थंडी होती तोवर तीन रविवार मी तोच थर्मास, तेच झाकण, तोच पेला घेऊन त्याच खडकावर गेलो आणि ओतून घड्याळ लावलं. त्या थंडीत उघड्या पेल्यातला चहा सातव्या मिनिटापर्यंत गरम असतो. दहाव्या मिनिटाला कोमट. बाराव्याला गार. तिन्ही वेळा तेच आलं.

म्हणजे मी पोचायच्या साधारण दहा मिनिटं आधी तो ओतला गेला. तासभर आधी नाही. मी गाडीत बसलो होतो ती चाळीस मिनिटं तो जिवंत होता. मी सावकाश चढत होतो तेव्हाही होता. ती चाळीस मिनिटं माझी आहेत आणि ती मी कुणाला देऊ शकत नाही, तुलाही नाही.

पण मास्तर माझ्या दहा-बारा मिनिटं आधी पोचला होता. दादाने त्याला येताना पाहिलं, आणि मग ओतला. मास्तर एकटा येत नाही हे त्याला माहीत होतं. तो आला म्हणजे मागोमाग मी येतोय. तो वाट बघून चिडला असता तर एकच पेला भरला असता, किंवा एकही नाही. त्याने झाकण आपल्याजवळ ठेवलं होतं आणि पेला खडकाच्या दुसऱ्या कडेला, मी जिथे बसतो तिथे. साखर मी वेगळी घालून घेतो, कारण त्याला गोड चालत नव्हतं. पुडी फोडून माझ्या पेल्यात घातलेली होती.

कुत्रा त्याच्याजवळ होता, भिंगरी. त्याला मी येतोय हे कळलं होतं. एवढं नक्की सांगतो, कारण एवढं मी मोजलेलं आहे.

मी त्याच्या शेजारी बसलो आणि माझा चहा प्यायलो. मग लोकांना बोलवायला खाली गेलो.

काका